मास्तरीण आणि सुरुंग

चिडलेला कुत्रा जाळीवर झेपावला की पोटात गोळा येत नाही असा माणूस अजून जन्मायचाय. मास्तरणीच्याही पोटात गोळा यायचा. फक्त तो तिच्या तोंडावर कधी दिसायचा नाही.

लोक तिला मास्तरीण म्हणत, कारण बिघडलेल्या कुत्र्यांना ती वळण लावायची. धन्यालाच चावलेली, शेजारणीच्या पोराचा कान तोडलेली, वर्षानुवर्षं साखळीला राहून डोकं फिरलेली कुत्री तिच्या दारात यायची. गाडीच्या मागच्या भागात, मुसकं बांधून, सोबत डोळे सुजलेला मालक. "बाई, आता तुम्हीच. नाहीतर सुई द्यायची वेळ आलीय." शहर संपून गोदामं सुरू होतात तिथे तिचं आवार होतं. दोन्ही बाजूंना कोबा केलेल्या खोल्यांची रांग, प्रत्येकीला पुढून लोखंडी जाळी, मधून वाहतं गटार, पाणी मारायचा लांबलचक पाइप आणि टोकाला दोन खोल्यांचं घर. वास असा की नव्या माणसाचे डोळे चुरचुरायचे. मास्तरीण त्या वासातच वाढली होती. गमबूट, जाड कापडाची पँट आणि बाह्या दुमडलेला शर्ट, हाच तिचा बारमाही अवतार.

तिची पद्धत बघून लोकांचा विरस व्हायचा. शिट्टी नाही, चाबूक नाही, आरडाओरडा नाही. एक स्टूल घ्यायची, जाळीपाशी ठेवायची आणि कुत्र्याकडे पाठ करून बसायची. कुत्रा घसा फाटेस्तोवर भुंकायचा, जाळीला धडका द्यायचा, तोंडाला फेस आणायचा. ही आपली बसलेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग कधीतरी भुंकणं थांबायचं आणि पाठीमागून हुंगल्याचा आवाज यायचा. "मी काही शिकवत नाही हो," ती सांगायची. "त्याला माझा कंटाळा येतो एवढंच."

हे आवार तिच्या बापाचं. बापाची शिकवण फावड्याच्या दांड्याने चालायची. मास्तरीण लहान असताना एका करड्या कुत्रीने बापाचा अंगठा फोडला. बापाने त्या कुत्रीला दोन्ही पोरांच्या देखत फावड्याने हाणलं. ती मेली तरी हाणत राहिला, कोब्यावर कवटीचा चिखल होईपर्यंत. मग हात धुतले आणि जेवायला बसला. मोठा भाऊ, दादा, भिंतीला धरून ओकला. धाकटी ओकली नाही, रडली नाही, पण पुढे कितीतरी दिवस तिच्या तोंडातून शब्द फुटला नाही. बाप तिला 'मुकी' म्हणायला लागला आणि घरात तेच नाव पडलं. गंमत अशी की त्या दिवशी जो ओकला, बापाचा हात पुढे त्याच्याच अंगात आला. शेजारीच भिंतीपलीकडे दादाने गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या जोडायचं वर्कशॉप टाकलं. कारागीर चांगला होता, पण हाताखालचा माणूस त्याच्याकडे टिकायचा नाही. एकाच्या पाठीवर त्याने तापलेली सळई टेकवली होती. चुकून, असं तो सांगायचा.

आता स्टुलावर बसून बसून माणूस करणार काय? मास्तरीण फोन बघायची. एका कॉम्प्युटरवाल्या तरुणाचा चावरा कुत्रा तिच्याकडे होता. तो दर रविवारी भेटायला यायचा आणि हिचं ते तासन्‌तास बसणं बघायचा. एकदा म्हणाला, "बाई, तुम्ही क्रिप्टो घ्या. कॉइन घ्यायचं आणि गप्प बसायचं. सगळ्या जगाला ते गप्प बसणंच जमत नाही, तुम्हाला ते फुकट येतं."

तिने हसून उडवून लावलं, पण घेतलं थोडं. घेतल्या घेतल्या भाव पडला, निम्म्यावर आला. तो तरुण बिचारा तोंड लपवत आला. ही म्हणाली, "भुंकतंय ते. भुंकू दे." महिनेच्या महिने गेले. भाव वर चढला, चढत राहिला. त्यातलं थोडं विकून तिने सगळ्या खोल्यांवर नवे पत्रे घातले आणि पाण्याला मोटर बसवली. दोन-तीनदा असंच झालं. पडलं की ती थोडं घ्यायची, लोक वेड्यासारखे धावायला लागले की थोडं विकायची, आणि मधला सगळा वेळ कुत्र्यांत असायची.

नव्या पत्र्यांची चकाकी भिंतीपलीकडे दिसणारच. एका सकाळी दादा आला. हातात जाड पाकीट.

"मुके, माझेही टाक त्यात."

"दादा, तुझ्याच्याने थांबवणार नाही."

"मी कशाला थांबू?" तो म्हणाला. "थांबणार तू. मी फक्त श्रीमंत होणार."

ती हसली. तिथेच चुकलं. नवीन वेल्डिंग मशीनसाठी साठवलेली सगळी पुंजी होती ती. फाटकाबाहेर उभ्या असलेल्या वहिनीने नवऱ्याकडे न बघता नणंदेकडे बघितलं आणि मान अगदी थोडी हलवली, नको म्हणून. मास्तरणीला ते दिसलं. पण मोठ्या भावाने आयुष्यात पहिल्यांदा तिच्याकडे काही मागितलं होतं.

मग भाव पडायला लागला. त्यात नवीन काही नव्हतं. नवीन होता तो दादाचा आवाज. सकाळी दात घासताना फोन, दुपारी फोन, कुत्र्यांना पाणी मारताना भिंतीवरून हाक. "मुके, अजून पडलं ना?" "मुके, झोपलीस काय?" "मुके, त्या अमक्या ग्रुपवर म्हणतायत आता शून्यावर जाणार!" स्वतःचे पैसे पडताना तिला कधी काही वाटलं नव्हतं. आता भाव बघायला तिने फोन काढला की कानात भावाचा आवाज आधी वाजायचा.

एक दिवस वहिनी फाटकाबाहेर येऊन उभी राहिली. कुत्र्यांची तिला विलक्षण भीती. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण फाटकाच्या आत तिने पाऊल टाकलं नव्हतं. डोक्याला रुमाल गुंडाळलेला.

"वन्सं, तो तुमचा भाव कधी वर येणार?"

"का गं वहिनी?"

वहिनीने रुमाल सोडला. कानापासून हनुवटीपर्यंत गाल जांभळा झाला होता आणि एक डोळा मिटला होता.

"काल तो सात टक्के पडला म्हणे," वहिनी शांतपणे म्हणाली. "सातला एवढं झालं. दहाला काय होईल ते विचारायला आलेय."

 वहिनी गेल्यावर मास्तरीण घरात आली, उभ्या उभ्या फोन काढला आणि दादाचं सगळं विकून टाकलं. तोटा मोठा होता. ज्या भावात तिने आजवर कधी काही विकलं नव्हतं, त्या भावात विकलं. तिला वाटलं, निदान उद्यापासून त्या बाईचा गाल टक्क्यांवर राहणार नाही.

आठवडा संपायच्या आत भाव उसळला. जिथून पडला होता त्याच्याही वर गेला.

दादा आला तेव्हा ती पाइपाने गटार धूत होती. त्याने मागून तिचे केस धरले आणि डोकं जाळीवर आपटलं. एकदा, दोनदा. जाळीच्या आतल्या कुत्र्याने आकांत मांडला आणि क्षणात अख्खं आवार पेटल्यासारखं भुंकायला लागलं.

"विकलंस? कुणाला विचारून विकलंस? माझं होतं ते!"

"तू वहिनीला—"

"माझ्या बायकोचं मी बघीन!" तिसऱ्यांदा आपटलं. तिचा ओठ फाटला, पुढचा एक दात हलला. तिने हात उचलला नाही. पाइप खाली पडून सापासारखा वळवळत दोघांना भिजवत होता. मग दादाचा जोर एकाएकी संपला. तो ओल्या कोब्यावर फतकल मारून बसला आणि पोरासारखा रडायला लागला. "भरून काढ, मुके. कसंही कर, पण भरून काढ."

ती रक्त थुंकली. तिला वाटत होतं की आपण शांत आहोत. चेहरा शांत होताच. पण आत काहीतरी करकर दात खात उठलं होतं, आणि ते भावावर नाही धावलं, फोनवर धावलं. दाखवते याला, असं तिच्या मनात होतं. काय दाखवणार ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

ज्या गोष्टीच्या वाटेला ती कधी गेली नव्हती तो उधारीचा सौदा तिने त्या दुपारी घेतला. ॲपवाले सोपं करून ठेवतात. आपण एक टाकायचा, ते नऊ उधार देतात, दहाचा माल घ्यायचा. भाव वर गेला तर दहापट फायदा. दहावा हिस्सा खाली आला तर ते आपला माल परस्पर विकून उधारी वसूल करतात, आणि आपण टाकलेलं सगळं बुडतं. थांबायची सोय त्यात नाही. जिचं सगळं आयुष्य थांबण्यावर चाललं होतं तिने स्वतःचं आणि दादाचं मिळून जे होतं ते त्यात घातलं.

आधी भाव चढला. तिच्या अंगात वारं शिरलं. जेवताना फोन, अंघोळीला जाताना फोन. रोज दाराशी झोपणारी म्हातारी कुत्री उठून लांब मोटरीच्या खोलीत झोपायला लागली. मास्तरणीला वाटलं, उन्हामुळे असेल. एका पिलाने बूट चावला म्हणून ती त्याच्यावर अशी खेकसली की ते जागच्या जागी मुतलं. तेव्हाही ती थांबली नाही. नफ्याचा आकडा हिरवा होता आणि हिरव्याकडे बघताना बाकी काही दिसत नव्हतं.

त्या दिवसांत सुरुंग तिच्याकडे होता. नाव त्याच्या मालकानेच ठेवलेलं. मालक गोदामवाला. कुत्रा अंगाने वासराएवढा, काळा कुळकुळीत, मान बैलासारखी. गोदामाच्या रखवालदाराची पोटरी त्याने हाडापर्यंत सोलली होती. मास्तरीण सव्वा महिना त्याच्या जाळीपाशी बसली, मग आत बसली. आता तो तिच्या हातून खायचा, आणि खाऊन झालं की तिच्या बुटावर हनुवटी टेकून डोळे मिटायचा. अजून एकच गोष्ट राहिली होती. खाताना वाडग्याजवळ कुणी आलेलं त्याला खपत नसे.

त्या सकाळी भाव घसरत होता. ॲपवर लाल पट्टी आली. आणखी पैसे घाला, नाहीतर सौदा बंद होईल. घालायला पैसे नव्हते. भिंतीपलीकडून दादाचं ग्राइंडर किंचाळत होतं. अशा वेळी कुणीही कुठल्याही जाळीच्या आत जायचं नाही, हे तिने स्वतः शंभर जणांना बजावलेलं. राग असेल, भीती असेल, घरी भांडण झालं असेल, तर कुत्र्याकडे जाऊ नका, त्याला वासावरून कळतं. पण सुरुंगाची खायची वेळ झाली होती. ती वाडगं घेऊन आत गेली.

त्याने तोंड घातलं आणि तिच्या खिशातला फोन थरथरला. तिने काढला. पट्टी आणखी लाल. ती वाकून बघायला लागली आणि तिचा गुडघा वाडग्याला लागला.

सुरुंग गुरगुरला. ते प्रामाणिक गुरगुरणं होतं, आधी सांगणारं. एरवी ती जागच्या जागी दगड झाली असती.

"गप रे!" ती ओरडली आणि बुटाने त्याचं तोंड ढकललं.

त्याने तिचा डावा हात धरला. कोपराच्या खाली, आडवा. सुळे आत गेल्याचं तिला आधी दुखलं नाही, नुसतं ऐकू आलं, ओली फांदी पिळावी तसं. अशा वेळी हात ओढायचा नसतो. ओढला की मांस फाटतं. तिला हे झोपेतही माहीत होतं. तिने ओढला. आणि उजव्या हातातल्या फोनच्या कोपऱ्याने त्याच्या डोक्यावर मारलं. पुन्हा मारलं. डोळ्यावर, नाकावर, पुन्हा डोळ्यावर. आपल्या तोंडून शिव्या जातायत हे तिला कळत होतं. त्या शिव्या तिच्या नव्हत्या. तिच्या बापाच्या होत्या, त्याच क्रमाने, त्याच आवाजात. सुरुंगाने मान झटकली, तिला खाली पाडलं आणि कोब्यावरून ओढायला लागला.

दादा भिंतीवरून उडी टाकून आला. हातात लोखंडी गज. काहीही म्हणा, बहिणीची किंकाळी ऐकून तो जागचा उठला होता. आत शिरला आणि गज कुत्र्याच्या पाठीत घातला. बरगडी मोडल्याचा आवाज आला. दुसरा घाव घालायला हात वर गेला आणि सुरुंगाने मास्तरणीचा हात सोडून दादाचा धरला. गज खणखणत गटारात गेला. दादाच्या घशातून जो आवाज निघाला तो माणसाचा नव्हता.

"हात ओढू नकोस, दादा! ओढू नकोस!"

तो ओढणारच. मास्तरीण रांगत गेली. डावा हात कामातून गेलेला. तिने उजव्या हाताने सुरुंगाचा गळपट्टा धरला, कुत्र्याच्या पाठीवर गुडघा रोवला आणि पट्टा पिळला. पिळत राहिली. श्वास तुटला की जबडा सुटतो, एवढाच त्यातला उपाय. तिचं रक्त त्याच्या कानावर गळत होतं. त्याचा फुटका डोळा तिच्याकडे वळलेला होता. त्याचे पाय घसरले, अंग ढिलं पडलं, तोंड उघडलं. दादा मागे कोसळला. त्याच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं त्याच्याबरोबर आली नाहीत.

तिने एका हाताने आणि दातांनी सुरुंगाला मुसकं बांधलं, तो पुन्हा श्वास घ्यायला लागल्याची खात्री केली, जाळीला कडी घातली. दादाच्या हाताला शर्ट गुंडाळला. फोन कोब्यावर पडला होता. काच तडकलेली, त्यावर केस चिकटलेले, पण अक्षरं दिसत होती. तुमचा सौदा बंद करण्यात आला आहे. ते वाचून तिच्या मनात पहिला विचार आला तो हा, की बरं झालं, आता हा वाजणार नाही.

दुपारपर्यंत भाव होता तिथे परत आला. ते तिला दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या पोरसवदा मुलाने सांगितलं. तोही त्यातलाच होता. "काकू, फक्त हूल होती ती," तो म्हणाला. तिचे टाके चालू होते. तिने मान भिंतीकडे वळवली.

दादा शुद्धीवर येताच पहिलं वाक्य बोलला ते, "त्याला मारून टाक." गोदामवाल्यानेही तेच सांगितलं. दोन माणसं फाडलेला कुत्रा त्याला परत नको होता, आणि दुसरं कुणी घेणार नव्हतं. जनावरांचा डॉक्टर आवारात आला. मास्तरणीचा जुना ओळखीचा, कमी बोलणारा माणूस. त्याने जाळीतून सुरुंगाचा सुजून बंद झालेला डोळा बघितला, मग तिच्या गळ्यात अडकवलेला हात बघितला.

"चूक कुणाची होती, बाई?"

"माझी."

"हं." त्याने बॅग उघडली. "पण माझ्याकडे सुई कुत्र्यांचीच आहे."

ती आत गेली आणि बसली. सुरुंग मोडलेल्या बरगडीमुळे तिरका चालत आला, तिला हुंगलं, बँडेज हुंगलं, आणि सगळा भार तिच्या मांडीवर टाकून आडवा झाला. तिने त्याचं डोकं धरलं. डॉक्टरने पाय धरून सुई दिली. त्याचं डोकं हळूहळू जड होत गेलं. डॉक्टर निघून गेल्यावरही ती उठली नाही. मांडी बधिर झाली, उजेड सरकत भिंतीवर गेला, समोरची कुत्री भुंकून भुंकून गप्प झाली. मग उठून तिने एका हाताने खड्डा खणायला घेतला. अर्धा झाला आणि टाके तुटले.

दादा घरी आला तो वेगळाच. उजव्या हाताची दोन बोटं आणि काम गेलेलं. डावा हात मात्र शाबूत होता, आणि डाव्या हाताला त्याने लवकरच वळण लावलं. वहिनीने पाणी उशिरा आणलं म्हणून, दार जोरात लागलं म्हणून, शेजाऱ्याने टीव्ही मोठा केला म्हणून तो तिच्यावर उठायचा. एक दिवस त्याने जेवणाचं ताट लाथेने उडवलं आणि गरम कालवण वहिनीच्या गळ्यावर सांडलं. ती आत गेली, तवा घेऊन आली आणि त्याच्या बँडेज बांधलेल्या हातावर मारला. एकदाच. तो पांढराफटक पडला आणि खुर्चीवरून घसरला. तिने त्याच्या तोंडावर पाणी मारलं, छाती वरखाली होतेय ना ते बघितलं, चार कपडे पिशवीत कोंबले आणि निघाली.

मास्तरणीच्या फाटकाशी आली तेव्हा कुत्री नेहमीसारखी उसळली. वहिनी डोळे घट्ट मिटून दोन्ही जाळ्यांच्या मधून चालत थेट घरापर्यंत गेली.

"वन्सं, मी त्याला मारलं."

"मेला?"

"नाही."

"मग चहा ठेव," मास्तरीण म्हणाली. "मला एका हाताने गाळता येत नाही."

वहिनी राहिली ती राहिलीच. मास्तरणीच्या डाव्या हाताला पुढे पकड आली नाही. बोटं मिटायची पण काही धरायची नाहीत. पाणी मारायला, वाडगी उचलायला दुसरं माणूस लागायचंच. वहिनी आधी लांबूनच वाडगी सरकवायची, कुत्र्यांना "अहो" म्हणायची. मास्तरीण हसून हसून खोकायची. महिना-दीड महिन्यात वहिनी त्यांना "अरे" म्हणायला लागली.

आता लोक विचारतात, बाईने तो क्रिप्टोचा नाद सोडला ना? नाही सोडला. कामातून जे उरेल त्याचं ती थोडं थोडं घ्यायला लागली. फक्त ॲपची उधारीची सोय बंद करून टाकली आणि फोन वहिनीच्या ताब्यात दिला. वहिनी तो पिठाच्या डब्यामागे ठेवायची. मास्तरणीने मागितला की विचारायची, "वन्सं, आज कुणावर राग आहे?" असेल तर फोन मिळायचा नाही. भीती वाटतेय का, हेही विचारायची. असं ठरवायला सोपं असतं. एके दिवशी बाजार जोरात आपटला आणि मास्तरणीला बाहेरून ते कळलं. एका मालकाने तोंडावर म्हटलं होतं, "काय मास्तरीणबाई, बुडालात की नाही?" ती तरातरा आत आली.

"फोन दे."

"राग आहे?"

"नाही."

"खोटं बोलताय. मान लाल झालीय."

मास्तरणीने डब्यावर झडप घातली. वहिनी आडवी आली. दोघी ओट्यावर आदळल्या, पिठाचा डबा पालथा झाला, एकीचा हात दुसरीच्या केसांत. चांगल्या मोठ्या बायका, धापा टाकत, पांढऱ्या पिठाने माखलेल्या, एका फोनसाठी जमिनीवर लोळत होत्या. मास्तरणीचा चांगला हात वर गेला, मूठ वळलेला. वहिनीने तोंड बाजूला केलं नाही. अनुभवी होती ती.

"मारा," ती म्हणाली. "त्याच्याहून जोरात मारता येतं का बघा. फोन मिळणार नाही."

मूठ तशीच वर राहिली. मग मास्तरीण उठली, बाहेर गेली आणि पाण्याच्या पाइपाखाली डोकं धरून उभी राहिली. मोटर तापून बंद पडेपर्यंत. आत आली तेव्हा वहिनी पीठ चाळत होती. 

दादा शेवटी आला. भर दुपारी, फाटकापाशी. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं चुकीची लावलेली.

"माझी बायको आणि माझे पैसे," तो म्हणाला.

"वहिनीचं वहिनीला विचार. पैसे गेले, दादा. मी घालवले."

"भरून काढ."

"नाही काढणार. भरून काढायला गेले आणि हे झालं." तिने डावा हात वर केला.

दादाने फाटकाला लाथ घातली. मग डोकं, मग डावी मूठ. मूठ मारत राहिला. सांध्यांवरची कातडी सोलली, लोखंडावर रक्ताचे ठसे उमटले, आत कुत्री वेडी झाली. वहिनी घराच्या दारात येऊन उभी राहिली, हातात पाण्याचा पाइप. पुढे आली नाही आणि आतही गेली नाही. मास्तरीण फाटकाच्या अलीकडे नुसती उभी होती. तो थकला तेव्हा कपाळ लोखंडाला टेकून म्हणाला, "आज भाव काय आहे गं?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "आज राग आहे, भाव बघायचा नाही."

तिने खिशातला फडका गजांमधून बाहेर दिला. त्याने तो तीन बोटांनी घेतला, डाव्या हाताला गुंडाळायचा प्रयत्न केला, जमेना. ती एका हाताने, तो दातांनी, अशी कशीबशी गाठ बसली. मग तो रस्त्याने निघून गेला, गोदामांच्या दिशेने. पुढे कुठल्याशा गाड्यांच्या अड्ड्यावर तो राखणीला लागल्याचं कळलं. तिथेही त्याने कुणाचं तरी डोकं फोडलं आणि काही दिवस आत जाऊन आला. वहिनी परत गेली नाही. मास्तरणीने वर्षभराने थोडे कॉइन विकले, आणि त्या पैशांतून दादाच्या माराने हललेला वहिनीचा जबडा नीट करून घेतला.